‘कॉम्प्युटर तसं दाखवतोय’ म्हणजे नेमकं कोण सांगतंय?

‘डेटाबेस’ हा शब्द दिसला की आपल्यातल्या निम्म्याजणी पान उलटतात, हे मला ठाऊक आहे. ते पुण्या-हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुला-सुनांचं काम, आपला त्याच्याशी काय संबंध, असं वाटतं. पण मैत्रिणींनो, आपल्या संसारातल्या कितीतरी गोष्टी आता कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्येच नोंदलेल्या असतात. रेशनचं धान्य, बँकेतलं खातं, पतसंस्थेतली आवर्त ठेव, विजेचं बिल, मुलांची शिष्यवृत्ती... आणि यातलं काही अडलं की खिडकीपलीकडून एकच उत्तर येतं, ‘‘ताई, कॉम्प्युटर तसं दाखवतोय, मी काय करू?’’ आपण मान डोलावतो आणि पिशवी उचलून घरी येतो. हे मान डोलावणं आता थांबवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी कला शाखेची पदवीधर. प्रोग्रॅमिंगचा एक तासही कधी केलेला नाही. पण बचत गट आणि पतसंस्थांच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. कॉम्प्युटर स्वतःहून काहीच सांगत नाही. त्याला कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं, तेच तो आपल्याला सांगतो. मग ते कोणी सांगून ठेवलं, कधी, आणि कोणाच्या परवानगीने, हे विचारायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

डेटाबेस म्हणजे एक प्रकारची खतावणी, एवढं बहुतेकींना माहीत असतं. पण मोठ्या संस्थांच्या डेटाबेसमध्ये नुसत्या नोंदी नसतात, नियमही असतात. व्याज कोणत्या तारखेपासून धरायचं, हप्ता किती दिवस उशिरा आला की दंड लावायचा, कोणाचा अर्ज पात्र आणि कोणाचा अपात्र, हे सगळं छोट्या छोट्या प्रोग्रॅमच्या रूपात डेटाबेसच्या पोटातच लिहून ठेवता येतं. ओरॅकल कंपनीच्या डेटाबेसमध्ये त्यासाठी पीएल-एसक्यूएल नावाची भाषा आहे. इतर कंपन्यांच्या डेटाबेसमध्येही अशी सोय असते.

एक जवळचं उदाहरण घेऊ. ‘लाडकी बहीण’ योजना २०२४ साली जाहीर झाली तेव्हा वयाची अट २१ ते ६० वर्षं होती. थोड्याच दिवसांत ती ६५ पर्यंत वाढवली. वर्तमानपत्रात ही एका ओळीची बातमी होती. पण अशी कुठलीही अट कॉम्प्युटरमध्ये उतरवायची म्हणजे कोणीतरी बसून ६०च्या जागी ६५ लिहायचं असतं. मग ‘६५ पर्यंत’ म्हणजे पासष्टावं पूर्ण होईपर्यंत की पूर्ण झाल्यावरही? जन्मतारीख नसेल, नुसतं सालच असेल, तर काय धरायचं? यातलं एक चिन्ह इकडचं तिकडे झालं तर हजारो बायकांचे अर्ज अलीकडे किंवा पलीकडे जातील. त्यांना कळवलं जाईल ते एवढंच, ‘अपात्र’.

आता खरी मेख पुढे आहे. डेटाबेसच्या पोटातला असा नियम बदलायचा हुकूम असतो ‘क्रिएट ऑर रिप्लेस’. म्हणजे नवा घाल, जुना असेल तर त्याच्या जागी. एकदा नवा घातला की जुना साधारणपणे गेलाच. पाटीवर ओला हात फिरवावा तसा. काल तिथे काय लिहिलं होतं, हे डेटाबेस आपणहून जपून ठेवत नाही. ते कोणीतरी वेगळं ठेवावं लागतं. ज्या ठिकाणी ते ठेवलं जात नाही तिथे काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

आमच्या भागातल्या एका महिला पतसंस्थेत एका सभासद ताईंना आपला नॉमिनी बदलायचा होता. नवऱ्याऐवजी मुलीचं नाव लावायचं होतं. स्क्रीनवरून ते होईना, म्हणून सॉफ्टवेअरवाल्या मुलाला फोन केला. त्याने आपल्या गावी बसूनच थेट चालू डेटाबेसमध्ये हुकूम दिला. त्या भाषेत ‘अपडेट’ म्हणजे बदल आणि ‘व्हेअर’ म्हणजे कोणत्या खात्यात. घाईत त्याची ‘व्हेअर’ची ओळ राहून गेली. झालं! आठशेच्या वर बायकांच्या खात्याला त्या एकाच मुलीचं नाव नॉमिनी म्हणून लागलं.

हे उघडकीला आलं ते तीन आठवड्यांनी, पासबुकं छापायला घेतली तेव्हा. आणि बोल कोणाला लागला? काउंटरवर बसणाऱ्या क्लार्क मुलीला. ‘‘तूच काहीतरी भलतंच दाबलं असशील.’’ कॉम्प्युटरमध्ये तिच्या नावाने लॉगिन होतं, सॉफ्टवेअरवाल्याचं कुठे नावच नव्हतं. कारण तो संस्थेच्याच ‘अॅडमिन’ नावाने आत शिरत असे. राजीनामा लिहून घेण्यापर्यंत वेळ आली होती. ती वाचली ती कपाटातल्या कागदी फॉर्ममुळे आणि फोनवर राहिलेल्या मेसेजमुळे. महिनाभर तिघी-चौघी बसून आठशे फॉर्मवरून नावं पुन्हा भरत होत्या. मधल्या काळात एखाद्या सभासद बाईचं काही बरंवाईट झालं असतं तर तिच्या लेकरांच्या हाती काय लागलं असतं, या विचाराने माझ्या अंगावर काटा येतो.

‘आपल्याकडे असंच चालायचं’ असं कोणी म्हणेल, म्हणून सातासमुद्रापलीकडचं उदाहरण सांगते. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसमध्ये १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवली. फुजित्सू कंपनीने ती चालवली. तिथे गावोगावची पोस्टाची शाखा बऱ्याचदा एखाद्या दुकानातच असते आणि दुकान चालवणारी व्यक्तीच सब-पोस्टमास्तर असते. हिशेबात तूट आली तर ती त्यांनी खिशातून भरायची, असा करार. होरायझन आलं आणि शाखाशाखांमध्ये तूट दिसू लागली. सरे परगण्यात पोस्ट चालवणाऱ्या भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांच्या खात्यात सुमारे ७४ हजार पौंडांची तूट दाखवली गेली. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या गरोदर होत्या आणि तो दिवस त्यांच्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाचा होता. जो हॅमिल्टन या दुसऱ्या बाईंनी सांगितलं आहे की, मदतकेंद्राशी फोनवर बोलत त्या सांगतील तसं करत असतानाच तुटीचा आकडा डोळ्यांदेखत दुप्पट झाला.

१९९९ ते २०१५ या काळात असे नऊशेहून जास्त लोक दोषी ठरवले गेले. कोणी घर विकलं, कोणी तुरुंगात गेलं, कोणाला गावात तोंड दाखवायची चोरी झाली. पोस्ट खात्याचं पालुपद एकच, यंत्रणा भक्कम आहे, शाखेच्या खात्यात बाहेरून कोणी हात घालू शकत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा दोन्ही गोष्टी खोट्या ठरल्या. सॉफ्टवेअरमध्ये चुका होत्या आणि कंपनीची माणसं बाहेरून शाखेच्या नोंदी बदलू शकत होती. इतकंच काय, सापडलेल्या चुकांची एक वही कंपनीने आतल्या आत ठेवलेली होती. सब-पोस्टमास्तरांना मात्र ती वर्षानुवर्षं दाखवली नाही. एप्रिल २०२१ मध्ये सीमा मिश्रांसह ३९ जणांची शिक्षा रद्द झाली. उरलेल्या शेकडो जणांसाठी मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करावा लागला.

यात मला सगळ्यात बोचतं ते हे की, पूर्वी तिथल्या कायद्यात एक कलम होतं. कॉम्प्युटरचा कागद पुरावा म्हणून आणायचा तर तो कॉम्प्युटर नीट चालत होता हे दाखवावं लागे. १९९९च्या एका कायद्याने ते कलम रद्द झालं. यंत्र बरोबरच आहे असं धरून चालायचं ठरलं. म्हणजे खिडकीपलीकडचं ‘कॉम्प्युटर तसं दाखवतोय’ हे वाक्य त्यांनी थेट न्यायालयात नेऊन बसवलं.

याच्या उलट वागणूकही आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब नावाच्या कंपनीत एका कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवर ‘पुसून टाक’ असा हुकूम दिला. त्याला वाटलं होतं आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत, प्रत्यक्षात होता मुख्य. हात थांबेपर्यंत सुमारे तीनशे जीबी माहिती पुसली गेली होती. बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या, वेळेला एकही धडपणे उपयोगी पडली नाही. त्याच्या सहा तास आधी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, तिने लाज राखली. पण कंपनीने काय केलं? घडलं ते सगळं जाहीर लिहून काढलं, दुरुस्तीचं काम लोकांना थेट दाखवलं आणि त्या कर्मचाऱ्याचं नाव कुठेही छापलं नाही. चूक कोणाची यापेक्षा अशी चूक होऊच कशी शकली, याचा शोध घेतला. ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

गंमत म्हणजे, यावरचं उत्तर आपल्या जुन्या कीर्द-खतावणीतच आहे. कीर्दीत खाडाखोड चालत नाही, चूक झाली तर खोडायचं नाही, दुसऱ्या तारखेला उलट नोंद करायची. बचत गटाच्या ठरावबुकात पान फाडायचं नाही, शेवटी सह्या घ्यायच्या. सॉफ्टवेअरच्या जगात यालाच ‘व्हर्जन कंट्रोल’ म्हणतात. नियमांचा म्हणजे कोडचा मूळ मजकूर वेगळ्या फाइलींमध्ये ठेवायचा. बदल आधी त्या फाइलीत करायचा आणि मग तो डेटाबेसमध्ये चढवायचा. प्रत्येक बदलाबरोबर कोणी, कधी, काय आणि कशासाठी, ही नोंद होते आणि कधीही मागच्या पानावर जाता येतं. यासाठी सर्रास वापरलं जाणारं ‘गिट’ हे टूल लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलं आणि ते फुकट मिळतं. त्यात प्रत्येक ओळ शेवटची कोणी बदलली हे दाखवणारा एक हुकूम आहे, त्याचं नाव ‘ब्लेम’, म्हणजे दोष! त्याच्या आधीच्या ‘सबव्हर्जन’ नावाच्या टूलमध्ये तोच हुकूम ‘प्रेझ’, म्हणजे स्तुती, या नावानेही देता येतो. नोंद एकच, तिचा उपयोग दोष द्यायला करायचा की शाबासकी द्यायला, हे माणसावर.

डेटाबेसमध्ये बदल चढवायचीही शिस्त असते. प्रत्येक बदलाच्या फाइलीला क्रमांक द्यायचा आणि कोणता क्रमांक कधी चढवला याची यादी डेटाबेसमध्येच ठेवायची. ‘फ्लायवे’सारखी टूल हेच काम करतात. एकदा चढवलेल्या फाइलीत नंतर कोणी गुपचूप बदल केला असेल तर तपासणीच्या वेळी ते हटकतात. ‘अपडेट’सारखा हुकूम दिल्यावर किती नोंदी बदलल्या तो आकडा समोर येतो. ‘कमिट’ म्हणजे शिक्कामोर्तब करण्याआधी तो वाचायचा, एकाऐवजी आठशे दिसले तर ‘रोलबॅक’ म्हणायचं, की सगळं जागच्या जागी. काही टूलमध्ये कमिट आपोआप होतं. चालू डेटाबेसवर काम करताना ती सोय बंद ठेवायची. त्या मुलाने एवढं केलं असतं तर आठशे फॉर्म पुन्हा भरायची वेळ आली नसती.

तुमच्यापैकी कितीतरी जणी आज पतसंस्थेच्या संचालक आहेत, प्रभागसंघाच्या कोषाध्यक्ष आहेत, शाळेच्या समितीवर आहेत. सॉफ्टवेअरवाल्यासमोर बसताना मी सुचवते ते पाच प्रश्न वहीत लिहून न्या.

पहिला, आमच्या नियमांचा मूळ कोड कुठे आहे आणि त्याची प्रत आमच्या ताब्यात आहे का? उद्या तुमचं दुकान बंद झालं तर आम्ही काय करायचं, हे करारात लिहून घ्या.

दुसरा, गेल्या वर्षात काय काय बदललं, त्याची यादी द्या. प्रत्येक बदलासमोर तारीख, करणाऱ्याचं नाव आणि आमच्या ठरावाचा क्रमांक पाहिजे. व्याजदराचा ठराव एका तारखेला आणि कॉम्प्युटरमध्ये बदल भलत्याच तारखेला, असं असेल तर तिथेच थांबा.

तिसरा, बदल चालू डेटाबेसवर करण्याआधी कुठे तपासला? तपासायला वेगळी प्रत हवी. आणि त्या प्रतीत सभासदांचे खरे आधार क्रमांक, खरे मोबाइल नंबर नकोत. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी आपल्या देशात २०२३ साली कायदा झाला आहे, याची आठवण करून द्या.

चौथा, किल्ल्या कोणाकडे आहेत? प्रत्येकाचं लॉगिन स्वतःच्या नावाने हवं, सगळ्यांनी मिळून एक ‘अॅडमिन’ नको. बाहेरून आत येणाऱ्याची तर नोंद हवीच हवी. काउंटरवरच्या मुलीला तिच्या कामापुरतेच अधिकार द्या. तो तिच्यावरचा अविश्वास समजू नका. उद्या तिच्यावर आळ आला तर तेच तिचं संरक्षण ठरेल.

पाचवा, बॅकअप शेवटचा कधी घेतला, हे विचारू नका. बॅकअपवरून सगळं पुन्हा उभं करून शेवटचं कधी पाहिलं, ते विचारा. बरणीला लोणचं असं लेबल लावलं म्हणजे आत लोणचं असतंच असं नाही, झाकण उघडून बघावं लागतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, ‘‘मॅडम, हे मोठ्या बँकांना ठीक आहे, आपल्याला कसं परवडणार?’’ गिट फुकट आहे. ओरॅकलचं ‘एसक्यूएल डेव्हलपर’ हे टूल कंपनी २००६ पासून फुकट देते. खर्च असेल तर तो सवयीचा. मात्र नुसतं टूल आणून भागत नाही, हेही खरं. होरायझनवाल्यांकडे चुकांची वही होतीच की! नोंद ठेवणारा हवा, तसा ती उघडून दाखवणारा आणि मागून वाचणाराही हवा. सभासद म्हणून ते मागून वाचणं आपल्याकडे येतं.

आता थोडं आपल्या मुली-सुनांबद्दल. बऱ्याच जणी अशा मेंटेनन्सच्या कामावर असतात. ‘काय ते, जुन्या कोडची डागडुजी करते’ असं घरातली माणसं म्हणतात आणि हळूहळू तीही तसंच म्हणू लागते. नवं अॅप काढणाऱ्याचं कौतुक होतं, दुसऱ्याने केलेला पसारा समजून घेऊन, एकही पैसा इकडचा तिकडे न होऊ देता आवरणारीचं होत नाही. घरकामाचं जे झालं तेच इथेही. पण व्याजाचा हिशेब रोज बरोबर येतो तो याच कामामुळे. आणि ज्यांनी बाळंतपणासाठी किंवा घरच्या आजारपणासाठी नोकरी सोडली त्यांनाही सांगते, एसक्यूएल ही भाषा १९७४ साली आयबीएममध्ये आकाराला आली. तिचे मुख्य हुकूम आजही तेच आहेत. पाच-सात वर्षांच्या खंडाने ते विसरून वाया जात नाहीत. गिटसारखी टूल मात्र नव्याने हाताखालून घाला. रोज दुपारचा तासभर काढला तर सवय होते. सासर-माहेरच्यांनी तो तास तिला मोकळा करून द्यावा, एवढीच अपेक्षा.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. अहवालाचं पुस्तक येतं, चहा-फराळ होतो, ‘मंजूर, मंजूर’ म्हणून टाळ्या पडतात. यंदा त्या सभेत एकीने तरी उठून विचारावं, ‘‘अध्यक्ष महोदय, आपल्या कॉम्प्युटरमधले नियम वर्षभरात कोणी कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलले?’’ उत्तर मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं, तर तो प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा आणि पुढच्या वर्षी तिथूनच सुरुवात करा.